वाघानंतर खाडी



आमच्या गटाच्या बायका कोकणात जाऊन आल्या हे आता पंचक्रोशीत सगळ्यांना कळलं आहे. बाजारात, दळणाच्या गिरणीवर, एसटीत, जिथे भेट होईल तिथे एकच प्रश्न येतो. "काय वं, पाखरं पाहायले इतक्या लांब गेल्ता? आपल्याकडं पाखरं नाहीत काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आज रेडिओवर बसले आहे. आम्ही काय पाहिलं ते सांगते, आणि ते पाहून आल्यावर आमच्या गावच्या गायरानाचा विषय आम्हाला एवढा का लागून राहिला आहे, तेही सांगते.

आमचा गट अकरा जणींचा. बचतीबरोबर दर महिन्याला थोडे पैसे फिरण्यासाठी वेगळे टाकायचे, असं आम्ही ठरवलं होतं. कर्जाच्या वहीत त्याचा शिरकाव होऊ द्यायचा नाही, हा नियम. पहिली सहल ताडोब्याची झाली. चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे आपल्या महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. उघडी जिप्सी, एका गाडीत सहा पाहुणे, पुढे चालक आणि गाइड. पहाटे थंडीत कुडकुडत आत शिरायचं. आमच्या एका गाडीवर गाइड म्हणून एक बाई होत्या. ताडोब्यात आता महिला गाइड आहेत, आणि त्या जवळपासच्या गावांतल्याच आहेत.

या ताईंनी आम्हाला पहिल्या दहा मिनिटांतच गप्प केलं. म्हणाल्या, वाघ डोळ्यांनी नंतर दिसतो, आधी कानांनी दिसतो. वानर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडलं, चितळाने एकच तीक्ष्ण हाक मारली, मोर अवेळी केकाटला, की समजायचं जवळपास काहीतरी आहे. आम्ही कान टवकारून बसलो. वाघ दिसला. रस्ता ओलांडून बांबूत शिरला, सगळं मिळून मिनिटभराचं काम. पण त्या मिनिटाला तिथे इतक्या गाड्या जमल्या होत्या की मला वाघापेक्षा माणसांच्या टोप्याच जास्त आठवतात. आमच्यातल्या एका वैनीला तर फक्त शेपूट दिसलं. ती अजून म्हणते, माझा अर्धा वाघ बाकी आहे.

वाघाबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्यामुळे ते जंगल राखलं गेलं, त्या ताईंना काम मिळालं. पण परत येताना गाडीत बोलणं निघालं ते वेगळंच. त्या ताई आपल्याच सारख्या शेतकरी घरातल्या. त्यांना झाडं, आवाज, पायांचे ठसे सगळं माहीत होतं, आणि त्या माहितीचे त्यांना पैसे मिळत होते. आपल्याला जे माहीत आहे त्याचे पैसे आपल्याला कधी मिळतील, असं आमच्यातली एक जण बोलून गेली. तिथूनच वेंगुर्ल्याचा विषय निघाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' नावाचा महिला बचत गट आहे आणि त्या बाया स्वतः होडी वल्हवून लोकांना खाडी दाखवतात, हे आम्ही गटाच्या एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. वाघाची सफारी झाली, आता बायकांची सफारी पाहू, असं ठरलं.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. अकोल्याहून नागपूर-मडगाव गाडी मिळाली, ती थेट कुडाळला नेऊन सोडते. पुढे वेंगुर्ल्यापर्यंत एसटी. रोजची गाडी नाही, त्यामुळे तारखा बघूनच आरक्षण करावं. आमच्यातल्या दोघी माळकरी, त्यांची काळजी होती की मासळीच्या गावात खायचं काय. पण भात, उसळ, सोलकढी सगळीकडे मिळालं. सोलकढी मात्र पहिल्या घोटाला सगळ्यांनाच औषधासारखी लागली, तिसऱ्या दिवशी तांब्याने मागून घेतली. आम्ही गेलो डिसेंबरात. पावसाळ्यात जाऊ नका. बाहेरगावची पाखरं यायला दिवाळी उलटावी लागते आणि ती होळीच्या आसपास परतू लागतात.

समुद्र आमच्यातल्या नऊ जणींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्याबद्दल मी बोलणार नाही, ते ज्याचं त्याने पाहावं. मला सांगायचं आहे ते भरती-ओहोटीचं, कारण खाडीवरच्या पाखरांचं सगळं वेळापत्रक त्यावर चालतं.

समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी. कोकणात ओहोटीला सुकती असंही म्हणतात. हे पाणी खाडीतून आत गावाच्या मागपर्यंत येतं आणि मागे फिरतं. मागे फिरलं की खाली काळाभोर चिखल उघडा पडतो. हीच पाखरांची जेवणाची वेळ. भरतीला ती कुठेतरी उंचवट्यावर एका पायावर उभी राहून डुलक्या घेतात, आणि पाणी उतरायला लागलं की पंगतीला बसावं तशी चिखलावर उतरतात. म्हणून तिथे पक्षी पाहायला जाताना घड्याळाच्या आधी पाणी विचारायचं.

आता यातली गंमत ऐका. भरती कधी येणार हे तिथले जुने लोक तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पूर्ण भरती. म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठला. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास, आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त चढतं, त्याला उधाण म्हणतात. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे होतात, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण हिशेब चालतो. आम्हाला हे कळलं तेव्हा आमच्यातली एक काकू, जिचा एकही उपास चुकत नाही, ती एकदम पुढे सरकली. समुद्र कधी न पाहिलेली ही बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला भरतीची वेळ सांगत होती. तिथी तर तिला पाठच होत्या, त्यांचा हा उपयोग नवा होता.

मग होडी. आपल्याकडच्या बाईला विहिरीचं पाणी माहीत, तळ्याचं माहीत, पण पायाखाली हलणारी फळी माहीत नाही. केशरी जॅकेटं घातली, एकमेकींचे हात घट्ट धरले. वल्हं मारणारी ताई मात्र आपण चुलीपुढे बसतो तितक्या सहज बसली होती. या होडीला इंजिन नाही. त्याचं कारण थोड्या वेळाने कळलं. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे पाखरं उडत नाहीत. वल्ह्याचा चुबूक चुबूक आवाज तेवढा. आमचा मात्र गलका चालू होता. तेव्हा ताई म्हणाली, "वायच गप ऱ्हवा." ताडोब्यातलीही तीच आज्ञा होती, फक्त बोली निराळी. आणि गप्प बसल्यावर खाडी ऐकू यायला लागली.

दोन्ही काठांना कांदळवन आहे. कांदळवन म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांचं रान. त्यात कांदळ, तिवर, चिप्पी अशी निरनिराळी झाडं. यातल्या पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवन वृक्षाचा मान दिला. आपल्याला राज्य फूल ताम्हण, राज्य पक्षी हरियाल एवढंच माहीत होतं, त्यात ही भर. चिखलात झाडाच्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तिवराची मुळं जमिनीतून वर, पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी उभी राहतात आणि श्वास घेतात. तिवर खारं पाणी पिऊन जादाचं मीठ पानावाटे बाहेर टाकतो. ताईने पान तोडून चाटायला दिलं. खरंच खारट. आणि कांदळाचं बी झाडावरच रुजतं. हातभर लांब हिरवी शेंग झाल्यासारखी दिसते, ती शेंग नसते, रोपच असतं. ते चांगलं वाढल्यावर झाड त्याला खाली सोडतं, म्हणजे ते चिखलात उभंच रुततं किंवा पाण्यावर तरंगत नवी जागा शोधतं. चिखलात पडून बी कुजू नये म्हणून ही तजवीज. आमच्यातली एक आजी म्हणाली, "माय वं, हे तं पोराले चालता करूनच धाडते."

आणि मग पाखरं. पहिला दिसला खंड्या. खंड्या आपल्याकडेही आहे, विहिरीच्या तारेवर बसतो, निळ्या पाठीचा, तपकिरी पोटाचा, लाल चोचीचा. पण खाडीवर त्याचा काळ्या टोपीचा भाऊ दिसला, जांभळट निळा, मानेला पांढरा पट्टा. तो कांदळाच्या फांदीवर बसला होता आणि खाली चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. निवटी हा मासा, पण ओहोटीला चिखलावर चालतो. मासा चालतो हे सांगून इथे कोणी विश्वास ठेवत नाही, म्हणून मी आता सांगणं सोडलं आहे. आज रेडिओवर एकदा सांगितलं, बस.

चिखलावर मात्र खरी जत्रा होती. दुरून सगळी एकाच रंगाची वाटतात, मातकट. आपली नजर लाल, पिवळं, निळं शोधत असते आणि ही पाखरं चिखलाच्याच रंगाची. ताईने सांगितलं, रंग पाहू नका, चोच पाहा आणि चाल पाहा. मग एकेक वेगळं होत गेलं. चिखल्या नावाचा छोटासा पक्षी, आखूड चोचीचा. तो तुरुतुरु पळतो, थबकतो, वरचेवर टिपतो, पुन्हा पळतो. तुतारी सारखी शेपूट खालीवर करते. टिलव्याचे पाय लालभडक, चोच मध्यम, तो बोटभर खोल खुपसतो. आणि कोरल. कोरलाची चोच विळ्यासारखी खाली वळलेली आणि एवढी लांब की आम्हाला वाटलं हा उडताना तोल कसा सांभाळत असेल. तो चिखलात खोलवर चोच घालून बिळातला खेकडा बाहेर ओढतो. एकाच चिखलात कोणी वरचं खातो, कोणी बोटभर खालचं, कोणी वीतभर खालचं. त्यामुळे एवढी पाखरं एका जागी जेवतात आणि भांडणं फारशी होत नाहीत. आमच्या गटाच्या बैठकीत हे उदाहरण आता वरचेवर निघतं, विशेषतः कर्जवाटपाच्या दिवशी.

यातली बरीचशी पाखरं आपल्या देशात अंडी घालत नाहीत. उन्हाळ्यात ती पार उत्तरेला, हिमालयापलीकडे, मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत असतात. तिथे बर्फ पडायला लागलं की इकडे येतात. त्यांच्याच जातकुळीतला एक पाणटिवळा २०२२ मध्ये अलास्कातून निघाला आणि ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरला. अकरा दिवस, साडेतेरा हजार किलोमीटर, मध्ये कुठेही न उतरता, न खाता, न पिता. त्याच्या पाठीवर छोटं यंत्र बसवलेलं होतं म्हणून हे कळलं. एवढ्या प्रवासानंतर उतरायच्या जागी चिखल नसेल, तिथे कोणी भर टाकून इमारत बांधली असेल, तर त्या जिवाने करायचं काय? त्याच्या अंगात दुसरीकडे जायचं बळच उरलेलं नसतं.

परतीच्या वाटेवर वर पाहिलं तर एक भलामोठा पक्षी, पोट पांढरंशुभ्र, पंख करडे, शेपूट पाचरीसारखी. तिकडे त्याला काकण म्हणतात, पुस्तकात समुद्रगरुड. खाडीकाठच्या उंच झाडावर काटक्यांचं मोठं घरटं बांधतो आणि वर्षानुवर्षं तेच डागडुजी करून वापरतो. त्याच्या खालून विटकरी रंगाच्या, पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारी फिरत होत्या. ताडोब्यात एका वाघामागे वीस गाड्या होत्या. इथे अकरा बायका आणि आकाशभर पाखरं. कोणाच्या वाट्याला अर्धं आलं नाही.

आता कामाचं बोलते. 'स्वामिनी'च्या बाया मच्छीमार घरांतल्या. त्यांनी ही फेरी २०१७ मध्ये सुरू केली. त्याआधी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरची जैवविविधता राखण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने एक मोठा प्रकल्प चालू होता, त्यातून त्यांना दिशा आणि प्रशिक्षण मिळालं. महाराष्ट्राच्या वनविभागात २०१२ पासून खास कांदळवन कक्ष आहे. त्याच्यातर्फे किनाऱ्यावरच्या गावांत खेकडापालन, कालवंपालन, पर्यटन अशा कामांसाठी गटांना मदतीची योजना आहे, आणि त्यात खर्चाचा मोठा भाग शासन उचलतं. पण मला महत्त्वाचं वाटलं ते असं. होडी वल्हवणं, पाण्याची वेळ, कुठल्या वळणावर कुठला पक्षी बसतो, हे त्यांच्या घरात होतंच. शिकावं लागलं ते पक्ष्यांची आणि झाडांची पुस्तकातली नावं, आणि अनोळखी माणसांपुढे उभं राहून बोलणं. दुसरी गोष्ट जास्त अवघड असणार, असा माझा अंदाज आहे. मला आज या माइकपुढे बसून तो पटतो आहे.

कांदळवनाला पूर्वी कोणी विचारत नव्हतं. चिखल, डास, सरपणाला तोडायची झाडं, नाहीतर भराव टाकायची जागा. आता त्यात मासळीची पिल्लं वाढतात, वादळात ते किनारा धरून ठेवतं आणि ते पाहायला लोक तिकीट काढून येतात, हे सगळ्यांना मान्य आहे. मुंबईजवळ ठाण्याच्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात. त्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य केलं आणि २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत तिचं नाव आलं. आपल्या शेजारचं लोणार त्या यादीत त्याच्या दोन वर्षं आधी गेलं आहे. रिसोडच्या बायांना तर लोणार म्हणजे हाकेच्या अंतरावर.

वेंगुर्ल्याची अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बंदरासमोर समुद्रात खडक आहेत, त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. तिथल्या एका बेटाच्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. या पाकोळ्या आपल्या थुंकीनेच घरटं बांधतात, ती वाळून घट्ट होते. परदेशात त्या घरट्यांचं सूप करून पितात आणि त्याला अतोनात भाव मिळतो. त्यापायी इथून घरटी चोरून नेली जात होती. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००१ मध्ये हा प्रकार उघडकीला आणला आणि मग राखण सुरू झाली. आमच्यातली आजी हे ऐकून एवढंच म्हणाली, "थुकीचं बी सोडत नाहीत बाप्पा लोकं."

परत येताना रात्रभर गाडीत एकाच शब्दावर आमची चर्चा चालली. पडीक. आपल्या सातबाऱ्यावर, तलाठ्याच्या बोलण्यात, आपल्या स्वतःच्या तोंडातही हा शब्द आहे. गवताचा माळ म्हणजे पडीक. कोकणात चिखल पडीक होता, आपल्याकडे माळ पडीक आहे. पण त्या माळावर कोण राहतं ते पाहा.

आपल्या वाशिम आणि शेजारच्या अकोला जिल्ह्यात गवताळ माळांवर तणमोर येतो. कोंबडीएवढा पक्षी, लांब पायांचा. पावसाळ्यात नर काळापांढरा होतो, डोक्यामागे बारीक तुऱ्यासारखी पिसं येतात, आणि मादीला दिसावं म्हणून गवतातून सरळ वर उडी मारतो. एकदा नाही, दिवसातून शेकडो वेळा. गवत उंच असतं, उडी मारली तरच तो दिसतो. मादी जमिनीवरच, गवतात नाहीतर कधी सोयाबीनच्या शेतात अंडी घालते. जगात हा पक्षी आता इतका थोडा उरला आहे की अगदी नष्ट होण्याच्या काठावरच्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. वाघ पाहायला आपण चंद्रपूरला गेलो. वाघापेक्षा कितीतरी दुर्मीळ जीव आपल्या धुऱ्याजवळ उड्या मारतो आणि त्याचं नाव आपल्या पोरांना माहीत नाही.

ज्यांना माहीत होतं ते फासेपारधी समाजाचे लोक. फास लावून पाखरं धरणं हा त्यांचा पिढीजात धंदा, त्यामुळे कुठल्या गवतात कोण लपतं हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. कारंजा लाडची 'संवेदना' ही संस्था त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. शिकार सोडून त्यांतल्या काही वस्त्यांनी माळ राखायला घेतले, तणमोराच्या नोंदी ठेवल्या. ज्या समाजाला गावाने कायम संशयाने पाहिलं, त्याच्याकडे ही विद्या होती. वेंगुर्ल्याच्या बायांना खाडी ठाऊक, यांना गवत ठाऊक. याच कारंज्याजवळ सोहोळचं काळवीट अभयारण्य आहे, २००० साली जाहीर झालेलं, सुमारे अठरा चौरस किलोमीटरचं. तेही मुख्यतः गवताचंच. काळवीट दाट जंगलात राहत नाही, त्याला मोकळा माळ लागतो.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. तणमोर दाखवायला पाहुणे आणायचे, असा विचार कोणी मनात आणू नका. तो पावसाळ्यात येतो तो पिल्लं काढायला. त्याच्या मागे कॅमेरे घेऊन लोक माळ तुडवायला लागले तर उरलेलाही जाईल. पाहुण्यांना दाखवायचं तर आपली तळी आहेत, हिवाळ्यातली. वाशिमजवळ एकबुर्जीचा जलाशय आहे, काटेपूर्णाचं अभयारण्य आहे, तालुक्यातालुक्यात पाझर तलाव आहेत. तिथे बदकं येतात, लांब शेपटीचं तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. लाल काडीसारख्या पायांचा शेकाट्या येतो. आणि वारकरी. अंगाने काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा, थव्याने पाण्यावर चाललेला असतो. हे नाव ज्याने ठेवलं त्याने आषाढी नक्की केली असणार.

सुरुवात कशी करायची, असं काही गटांनी विचारलं आहे. दुर्बीण नसली तरी चालतं. सूर्य उगवल्यावर पहिले दोन तास तळ्यावर जायचं, ऊन पाठीमागे राहील असं बसायचं, लाल-पिवळ्या साड्यांऐवजी मातकट रंगाचं काही अंगावर घ्यायचं. घरट्याजवळ जायचं नाही, अंड्याला हात लावायचा नाही, पाखरू उडालं म्हणजे आपण फार जवळ गेलो असं समजून मागे यायचं. वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी आणि किती, एवढं लिहायचं. नाव माहीत नसेल तर आपल्या गावात त्याला जे म्हणतात तेच लिहायचं. आपल्या विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवलेल्या मारुती चितमपल्लींनी अशी गावोगावची नावं गोळा करून 'पक्षिकोश' केला. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून या दोन तारखांमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तेव्हा वनविभागाची माणसं आणि पक्षिमित्र गावात यायला तयार असतात. त्यांना बोलवा, चहा पाजा, आणि सांगा की नुसतं भाषण नको, तळ्यावर चला.

पैसे लगेच मिळतील असं मी कोणाला सांगणार नाही. आमच्या गटात यावर दोन पक्ष आहेत. अर्ध्या जणी म्हणतात, हिवाळ्याच्या रविवारी तळ्यावर न्याहारी आणि पक्षी दाखवणं सुरू करू, शहरातल्या शाळा येतील. अर्ध्या म्हणतात, आधी दोन हिवाळे नुसत्या नोंदी ठेवू, मग बघू. मी दुसऱ्या पक्षात आहे. जास्त माणसं आली की पत्रावळ्या, प्लास्टिक आणि मोबाइलवरची गाणी येतात, हे आम्ही सहलींत पाहिलं आहे.

आता गायरान. आमच्या गावच्या गायरानावर सरसकट खड्डे खणून झाडं लावायची, असा विषय ग्रामसभेपुढे आला आहे. झाडाला विरोध करणारी बाई म्हणजे लोकांना वेडीच वाटते, याची आम्हाला कल्पना आहे. पण त्या गवतावर आमच्या शेळ्या चरतात, दिवाळीनंतर कापलेलं गवत विकून चार घरांचा संसार चालतो, आणि गेल्या पावसाळ्यात गुराख्यांनी तिथे उडी मारणारा काळापांढरा पक्षी दोनदा पाहिला आहे. त्याची तारीख आणि जागा आमच्या वहीत लिहिलेली आहे. आमचं म्हणणं एवढंच की झाडं ओढ्याकाठी, शाळेभोवती, बांधांवर लावा, उंच गवताचा खालचा पट्टा तसाच ठेवा आणि पावसाळ्यात तो चराईला बंद ठेवा. चराईबंदीला आमच्यातल्याच शेळीवाल्या दोघी अजून तयार नाहीत. त्यांच्याशी बोलणं चालू आहे, वरच्या पट्ट्यात त्यांना जागा द्यावी असा एक मार्ग दिसतो.

ग्रामसभा २६ जानेवारीला आहे. महिला सभा त्याच्या आधी घ्यावी लागते, ती आम्ही मागून घेतली आहे. आजूबाजूच्या गावांत असाच विषय असेल तर तुमच्या गायरानाचा सातबारा काढून ठेवा आणि तिथे पावसाळ्यात कोणी काय पाहिलं ते गुराख्यांना आजच विचारून लिहून घ्या. आमची वही पाहायची असेल त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला तळ्याच्या सांडव्याजवळ यावं. येताना शाल आणावी, तिथे वारा बोचतो.